आकडा कोणाचा? रक्तातली साखर मोजण्याची गोष्ट



आज बोलायला उभं राहण्याआधी आम्ही शर्टाची बाही जरा वर केली आहे, ती मुद्दाम. दंडाच्या मागच्या बाजूला हे जे पांढरं, चपटं बटण चिकटवलेलं दिसतंय ना, ते दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं आहे. त्याच्या खाली केसासारखा एक तंतू आहे, तो साधारण पाच मिलिमीटर कातडीच्या आत गेलेला आहे. चौदा दिवस तो तिथंच राहतो. आंघोळ, झोप, एसटीचा प्रवास, सगळं त्याच्यासकट. आमच्या शरीरात साखर किती आहे, हे तो खिशातल्या मोबाइलला सतत कळवत असतो. आत्ता १४२ आहे. शेजारचा बाण आडवा आहे, म्हणजे साखर चढत नाहीये आणि उतरतही नाहीये. तेव्हा व्याख्यान सुरू करायला हरकत नाही.

या यंत्राचा इतिहास बहुतेक वेळा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमक्या साली अमुक रसायन, तमक्या साली तमुक मीटर. तो आपण पाहणारच आहोत. पण तो वाचताना आम्हांला दुसराच एक प्रश्न सतत दिसत राहिला. साखरेचा आकडा निघाला, ठीक. पण तो बघायचा कोणी? रोग्यानं, डॉक्टरनं, घरच्यांनी, की आणखी कोणी? गेल्या शंभर वर्षांत या एका प्रश्नावर जितकी ओढाताण झाली, तितकी रसायनावर झाली नसेल.

सुरुवात झटपट उरकू. आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग माहीत होता. मधुमेह या नावातच लघवी मधासारखी गोड असल्याची नोंद आहे, आणि अशा लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणजे साखर ओळखणारा पहिला सेन्सर मुंगीच म्हणायची. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस या डॉक्टरनं चव घेऊन हेच लिहून ठेवलं. पुढे १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं रोग्याची लघवी आटवली, तळाशी साखरेसारखा पदार्थ उरला. रोग्याच्या रक्तातला पातळ भागही गोड लागतो, हेही त्यानं नोंदवलं. साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती रक्तातूनच येते, याचा हा धागा होता. तरीही पुढची जवळजवळ दोनशे वर्षं रोगी लघवीच तपासत राहिले. रक्त काढणं आणि त्यातली साखर मोजणं हे प्रयोगशाळेचं काम होतं.

आता ही लघवीची तपासणी कशी व्हायची, ते आम्ही लहानपणी घरात पाहिलंय. आमच्या आईला डायबेटिस होता. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला तिचा वेगळा संसार असे: स्पिरिटचा दिवा, काचेची टेस्ट ट्यूब, ती धरायला लाकडी चिमटा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली. नळीत पाच मिलिलिटर निळं द्रावण घ्यायचं, त्यात मोजून आठ थेंब लघवी टाकायची आणि उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी गाळ बसला की आईचा चेहरा उतरायचा. ती वहीत लिहायची, 'दोन प्लस', 'तीन प्लस'. ती वही घेऊन महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे. डॉक्टर पानं उलटायचे आणि म्हणायचे, "भात कमी करा."

हे द्रावण स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी तर आपल्या रोग्यांना ही तपासणी स्वतः करायला शिकवली. इन्शुलिन १९२२ साली रोग्यांपर्यंत पोचलं, त्याच्या आधीपासून ते शिकवत होते. रोग्यानं स्वतःचा रोग शिकून घेतला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळाच्या मानानं ही फार पुढची गोष्ट होती.

पण या पद्धतीत एक मोठी खोट होती. मूत्रपिंडं साखर सहजासहजी सोडत नाहीत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. म्हणजे नळी निळी राहिली तर साखर १७० आहे, १०० आहे की ४० आहे, काहीच कळत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याला खरा धोका असतो तो साखर अचानक उतरण्याचा. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं अडखळतं, कधी शुद्धही जाते. आणि नेमकं त्याच बाजूला ही नळी आंधळी. शिवाय लघवी ही काही तासांपूर्वीची बातमी. आई कितीदा तरी 'निळं आहे' म्हणून निश्चिंत बसली असेल, तेव्हा तिच्या रक्तात काय चाललं होतं हे कोणालाही ठाऊक नव्हतं. तिच्या डॉक्टरांनाही नाही.

पुढे सोयी वाढल्या. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीनं क्लिनिटेस्ट ही गोळी आणली. ती नळीत टाकली की आपोआप उकळायची, त्यामुळे दिव्याची गरज संपली. १९५६ मध्ये त्याच कंपनीतल्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्यानं बुडवून रंग बघायची कागदी पट्टी आणली. मग १९६० च्या दशकाच्या मध्यात डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्ताची पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा चांगला टपोरा थेंब ठेवायचा, बरोबर एक मिनिट थांबायचं, पाण्यानं धुवायचं आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. आता रंग ताडणं म्हणजे काय, हे ज्यांनी साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस शोधलंय त्यांना सांगायला नको. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये एक आणि बाहेर उन्हात दुसरं. म्हणून तो रंग वाचायला यंत्र आलं, एम्स रिफ्लेक्टन्स मीटर, साल १९७०. वजन सव्वा किलोच्या आसपास. आणि ते होतं डॉक्टरांसाठी, इस्पितळांसाठी. बेशुद्ध आलेला माणूस दारूनं पडलाय की साखरेनं, हे रात्रीच्या वेळी चटकन कळावं, असा त्याचा उपयोग धरलेला होता. रोग्यानं ते विकत घ्यावं, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

इथं थोडं थांबू, कारण या गोष्टीतला आमचा आवडता माणूस इथं येतो. रिचर्ड बर्नस्टाइन. न्यूयॉर्ककडचा इंजिनियर. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी त्याला डायबेटिस झाला. पस्तिशीपर्यंत शरीर पोखरत चाललेलं, लघवीतून प्रथिनं जायला लागलेली. सगळे डॉक्टर म्हणायचे, तुझं ठीक चाललंय. एका व्यावसायिक मासिकात त्यानं या मीटरची जाहिरात पाहिली आणि ठरवलं की हे आपल्याला पाहिजे. पण कंपनी रोग्याला विकेना. त्याची बायको मानसोपचारतज्ज्ञ होती, म्हणजे नावापुढे डॉक्टर होतं. तिच्या नावानं मागवलं आणि मिळालं! साडेसहाशे डॉलर लागले, असं त्यानंच पुढे लिहिलंय.

मग हा गृहस्थ दिवसातून पाच-पाच वेळा रक्त तपासायला लागला. इंजिनियरच तो. एक गोष्ट बदलायची, आकडा बघायचा, पुन्हा बदलायची. त्याच्या लक्षात आलं की दिवसात आपली साखर जत्रेतल्या पाळण्यासारखी वर-खाली जाते, आणि लघवीच्या तपासणीत यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आहार आणि इन्शुलिन दोन्ही बदलून त्यानं ती आटोक्यात आणली. हे सगळं लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं, तर लेख परत. रोग्यानं घरी रक्त तपासावं ही गोष्टच त्या वेळी बहुतेकांना पटत नव्हती, आणि लिहिणारा तर डॉक्टरही नव्हता. मग काय केलं असेल त्यानं? पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि १९८३ मध्ये डॉक्टर झाला. अगदी कमी कर्बोदकांच्या त्याच्या आहारावर पुढे पुष्कळ वाद झाले, आजही आहेत, त्यात आपण आज शिरत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये, नव्वदाव्या वर्षी तो वारला. बाराव्या वर्षी डायबेटिस झालेला माणूस नव्वदीपर्यंत जगला.

बर्नस्टाइन एकटाच होता असं मात्र नव्हे. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लंडन आणि नॉटिंगहॅम इथल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' मध्ये दाखवून दिलं की रोगी घरी रक्त तपासू शकतात आणि त्यानं साखर सुधारते. पण साखर सुधारल्यानं डोळे आणि किडन्या वाचतात का, हा मूळ वाद मिटायला १९९३ उजाडलं. त्या वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रोग्यांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. मात्र त्याच गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे बघा, साखर खाली आणायची तर उतरण्याचा धोका वाढतो. दिवसातून चार वेळा बोट टोचून त्या चार क्षणांचं कळतं. मधल्या वेळी, आणि मुख्य म्हणजे झोपेत काय होतं? सतत मोजणाऱ्या यंत्राची गरज इथून आली.

त्याचं बीज आधीच पडलेलं होतं. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क यांनी कल्पना मांडली की ग्लुकोजवर काम करणारं एन्झाइम विजेच्या अग्रावर बसवायचं. साखर जितकी जास्त, तितकी प्रक्रिया जास्त, आणि विद्युतप्रवाहावरून ती मोजता येते. रंग ताडायची भानगडच नाही. आज घराघरांतली मीटरं आणि आमच्या दंडावरचं हे बटण, दोन्ही याच कल्पनेची नातवंडं. १९८२ मध्ये जपानात ओसाकाच्या मोतोआकी शिचिरी यांनी कातडीखाली राहणारा सुईसारखा सेन्सर माणसावर वापरून दाखवला. पण प्रयोगशाळेतून बाजारात यायला आणखी सतरा वर्षं गेली.

आणि बाजारात आला तो कसा, ते ऐका. १९९९ मध्ये अमेरिकेत मिनिमेड कंपनीच्या सेन्सरला परवानगी मिळाली. रोग्याच्या पोटावर सेन्सर, वायरनं जोडलेली पेजरएवढी डबी कमरेला. दर पाच मिनिटांनी एक नोंद, दिवसाला २८८. तीन दिवस तो ते अंगावर वागवणार, मधे बोटं टोचून यंत्राला ताळा देणार. आणि आकडा? आकडा रोग्याला दिसतच नव्हता! तीन दिवसांनी डबी डॉक्टरकडे द्यायची, डॉक्टर ती संगणकाला जोडणार आणि गेल्या तीन दिवसांत काय झालं ते सांगणार. समजा मंगळवारी पहाटे तीन वाजता साखर ४५ झाली. यंत्राला ती कळली, ज्याच्या पोटावर यंत्र आहे त्याला नाही.

आता याला कारणं होती, एकतर्फी बोलायला नको. त्या सेन्सरची अचूकता यथातथाच होती. चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी इन्शुलिन जास्त घेतलं तर जीव जाऊ शकतो. आणि आकडा दिसला की माणूस वागणं बदलतो, मग त्याचं नेहमीचं आयुष्य नोंदलं जात नाही, हाही डॉक्टरांचा मुद्दा खोटा नव्हता. तरीसुद्धा ही व्यवस्था ओळखीची वाटते की नाही? आईची वही निदान तिला वाचता तरी येत होती.

आकडा रोग्याला दाखवणारी यंत्रं पुढच्या काही वर्षांत आली. ग्लुकोवॉच नावाचं एक घड्याळ २००१ मध्ये आलं. ते कातडीतून सौम्य वीज सोडून द्रव ओढायचं, त्यानं कातडी लाल व्हायची, घाम आला की नोंद गळायची, आणि काही वर्षांत ते बंदच पडलं. २००६ मध्ये डेक्सकॉमचा पहिला सेन्सर आला. पण त्यावरही अट होती: आकडा बघा, मात्र इन्शुलिन ठरवण्याआधी बोट टोचून खात्री करा. अमेरिकेत ती अट एका सेन्सरपुरती पहिल्यांदा उठली २०१६ च्या डिसेंबरात.

दरम्यान घरच्यांनी एक दार ढकलून उघडलं होतं. अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाचे एक इंजिनियर होते. चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाइप वन डायबेटिस निघाला, काही महिन्यांनी सेन्सर लागला. सेन्सरचा आकडा येतो तो जवळच्या एका छोट्या रिसीव्हरवर, काही पावलांच्या अंतरात. मुलगा दिवसभर बालवाडीत, आईबाप कामावर. आकडा आहे, पण मुलाला वाचता येत नाही आणि बापाला दिसत नाही. कॉस्टिकनी तो रिसीव्हर केबलनं जोडला, त्यातली माहिती कशी साठवली आहे ते उलगडलं आणि इंटरनेटवर चढवली. २०१३ मध्ये त्यांनी हे ट्विटरवर लिहिल्यावर ज्यांच्या मुलांना डायबेटिस आहे असे इतर इंजिनियर पालक भोवती जमले. लेन डेसबरो त्यातलेच. यातून नाइटस्काउट ही सगळ्यांसाठी खुली, फुकट व्यवस्था उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टॅनफर्डला झालेल्या एका बैठकीतून त्यांचं घोषवाक्य निघालं, त्याचा अर्थ 'आम्ही थांबणार नाही'. त्यानंतर २०१५ च्या जानेवारीत अमेरिकन नियामकांनी दुरून आकडा बघायच्या अधिकृत सोयीला परवानगी दिली. बर्नस्टाइनच्या बायकोचं नाव आणि कॉस्टिकची केबल, आम्हांला या दोन गोष्टी एकाच जातीच्या वाटतात.

आता आपल्याकडे. २०१४ मध्ये युरोपात ॲबटचा फ्रीस्टाइल लिब्रे आला. चौदा दिवस चालणारा, आणि बोट टोचून ताळा द्यायची गरज नसलेला. भारतात २०१५ मध्ये आला तो मात्र त्याचा 'प्रो' प्रकार. म्हणजे पुन्हा तेच! दंड रोग्याचा, आकडे डॉक्टरच्या यंत्रात, चौदा दिवसांनी छापील अहवाल. रोग्याला स्वतः बघता येईल असा प्रकार आपल्याकडे २०२० मध्ये मिळायला लागला. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एका सेन्सरची किंमत काही हजारांत जाते आणि चौदा दिवसांत तो कचऱ्यात. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत आकडा दिसतो की नाही, हे आता डॉक्टरपेक्षा पाकीट ठरवतं. आम्ही स्वतः पहिलं वर्षभर एक महिना सेन्सर आणि दोन महिने बोट असं चालवलं. लाज वाटायचं कारण नाही, ओळखीतले कितीतरी जण असंच करतात.

सेन्सर लागल्यावर काय कळलं म्हणता? पहिल्याच आठवड्यात संकष्टी आली. उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी. रेघ जी चढली ती २६० वर जाऊन टेकली. भाकरी-पिठल्याच्या दिवशी इतकी कधी नाही. जेवणानंतर वीस मिनिटं चाललं की तीच रेघ वाकते, हे डोळ्यांनी दिसलं. शतपावली करा म्हणून वडील मागे लागायचे, तेव्हा आम्ही कधी उठलो नाही. आलेखानं उठवलं.

फसगतही होते. हा तंतू रक्तात नसतो, पेशींच्या मधल्या द्रवात असतो. त्यामुळे साखर वेगानं बदलत असली की आकडा पाच-दहा मिनिटं मागे राहतो. त्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जाऊन साखर उतरल्याचा खोटा गजर होतो. एकदा रात्री दोनला गजर झाला, घाईघाईनं साखर खाल्ली, मग बोट टोचलं तर ११८! काहींना चिकटपट्टीतल्या रसायनाची ॲलर्जी येते, कातडी सोलवटते. म्हणून बोट टोचायचं मीटर आम्ही अजून टाकलेलं नाही.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. मोबाइलवर एक सोय असते, आपला आकडा दुसऱ्याला दाखवायची. मुलगी बंगळूरला असते. आम्ही इन्शुलिनवर आहोत, रात्री साखर उतरली तर कोणाला तरी कळावं म्हणून तिच्या फोनवर ते सुरू केलं. झालं! दुपारी चारला फोन: "बाबा, काय खाल्लंत?" शेजाऱ्यांकडे बारशाला गेलो, तिथं अर्धा पेढा तोंडात टाकला, की वीस मिनिटांनी फोन वाजलाच. आईच्या वहीत ती स्वतः लिहायची, एखादा दिवस लिहायची नाही, आणि तो न लिहिलेला दिवस तिचा असायचा. आमच्याकडे असा दिवस उरला नव्हता. गेल्या दिवाळीत न सांगता ते शेअरिंग बंद करून टाकलं. चार दिवस करंज्या, चकल्या, सगळं बेतानंच खाल्लं, पण आपल्या हिशोबानं. मुलीनं विचारलं, "दिसत नाहीये काही." आम्ही म्हटलं, "नेटवर्क असेल."

भाऊबीजेच्या पहाटे साडेचारला गजर झाला. ५८. बाण खाली. दाबल्याचा खोटा गजर नव्हता, घाम फुटलेला होता. पत्नीनं उठून साखरेचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी ७४, अर्ध्या तासानं ९६. मग दिवा लावून आम्ही दोघं बसून राहिलो. उजाडायच्या आत शेअरिंग पुन्हा सुरू केलं. मात्र मुलीला फोन करून एक अट घातली: ७० च्या खाली गेलं तरच फोन करायचा. वरच्या आकड्यांचं आमचं आम्ही बघू. ती म्हणाली, "बरं." अजून तरी पाळते आहे. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.